टिंटेड लिप बाम: ऑर्डर देण्याआधी ट्रायल कशी घ्यायची?

मागच्या व्हिडिओत मी तीन लिप बाम टेबलवर ठेवून 'यातला कुठला चालेल, सांगा' असं विचारलं होतं. बहुतेकांनी गुलाबी सांगितला. मीही पहिल्या दिवशी गुलाबीच म्हणाले असते. आज त्या तीन बामांची पूर्ण गोष्ट लिहून काढते, कारण व्हिडिओच्या बारा मिनिटांत आकडे नीट मांडता आले नाहीत. वही-पेन घेऊन बसा.

फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या जुन्या बॅचमधल्या एक ताई दुकानात आल्या. पार्लर चालवतात, हात चांगला आहे, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. त्यांना स्वतःच्या नावाचा टिंटेड मॉइश्चरायझिंग लिप बाम काढायचा होता. म्हणजे ओठ मऊही ठेवेल आणि हलका रंगही देईल, असा. एका उत्पादकाकडून तीन शेडचे सॅम्पल आले होते: रोझ, बेरी आणि विटकरी. कोटेशन असं: एका शेडचे किमान 500 नग, तीन शेडचे 1,500 नग, नगाला 48 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. एकूण 84,960 रुपये. अर्धे ॲडव्हान्स. आणि खाली ठळक अक्षरात, 'हा दर 10 मार्चपर्यंतच.'

ताई म्हणाल्या, "मॅडम, आता फक्त पैसे भरायचे राहिलेत. पाटल्या ठेवून 90,000 काढणार आहे. तुम्ही एकदा लावून बघा आणि हो म्हणा."

मी सॅम्पल उघडला, हाताच्या पाठीवर रेघ ओढली. छान दिसली. वासही छान. आणि इथेच मी थांबले, कारण अगदी असंच करून मी स्वतः एकदा आपटले आहे. दुकान सुरू करून दुसरं वर्ष होतं. हातावर रेघ ओढली, आवडली, 300 बाम उचलले. डिसेंबर-जानेवारीत साठेक गेले. एप्रिलमध्ये उरलेल्या बामांना वरून तेलाचे थेंब सुटले, मे महिन्यात आतून रव्यासारखे कण लागायला लागले. गिऱ्हाईक परत घेऊन यायचं आणि मी मुकाट पैसे द्यायचे. पुरवठादाराला फोन केला तर म्हणाला, तुम्ही माल उन्हात ठेवला असेल. काय बोलणार? माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं.

म्हणून ताईंना सांगितलं, 10 मार्च जाऊ दे. दर दोन रुपयांनी वाढला तर वाढला. आधी ट्रायल.

आधी, डबीत असतं काय?

ज्याचा व्यवसाय करायचा त्याच्या आत काय आहे हे कळल्याशिवाय ट्रायल घेता येत नाही. लिप बाम म्हणजे मुळात तीन गोष्टी: मेण, बटर आणि तेल. मेण कांडीला उभं ठेवतं. बटर, म्हणजे शिया, कोको किंवा आपलं कोकम, अंगाच्या उष्णतेला वितळून मऊपणा देतं. तेल सरकतं आणि चमक देतं. टिंटेड असेल तर त्यात रंगद्रव्य येतं, आणि एरंडेल तेल हमखास येतं, कारण ते जाड असतं, रंगाचे बारीक कण धरून ठेवतं आणि ओठावर चमक देतं.

कोकणातल्या वाचकांना कोकम बटर वेगळं सांगायला नको. कोकमाच्या बियांचं तेल, भिरंडेल किंवा मुठेल, टाचांच्या भेगांना आणि उललेल्या ओठांना पिढ्यान् पिढ्या लावलं जातंय. थंड झालं की घट्ट होतं, मुठीत वळून त्याचा गोळा करतात. आज तेच छान डबीत 'कोकम बटर' म्हणून येतं. आमच्याकडे साताऱ्यात मात्र आजीचा उपाय तूप किंवा लोणी, आणि बेंबीत तेल. हसू नका. तुमच्या बामची स्पर्धा महागड्या ब्रँडशी नंतर, आधी घरातल्या तुपाशी आणि 1929 पासून कोलकात्यात बनणाऱ्या बोरोलीनशी आहे. ते फुकट किंवा स्वस्त आहेत आणि काम करतात. तुम्ही त्यापेक्षा जास्त काय देताय? या बाबतीत उत्तर एकच होतं: रंग. म्हणून ट्रायलमध्ये सगळ्यात जास्त वेळ रंगावर घालवायचा, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

'मॉइश्चरायझिंग' या शब्दाबद्दल पण थोडं. पाणी नसलेला बाम ओठांना पाणी देत नाही. ओठांत जे पाणी आहे ते उडू देत नाही, एवढंच. म्हणून कोरड्या, सालपटं निघालेल्या ओठांवर घासण्यापेक्षा तोंड धुऊन किंचित ओलसर ओठांवर लावला तर तोच बाम जास्त चांगला वाटतो. ही एक ओळ तुमच्या गिऱ्हाईकाला सांगा, तक्रारी कमी होतील. माझा अनुभव आहे.

ज्यांना हात घालून शिकायचं आहे त्यांनी घरी 50 ग्रॅमची छोटी बॅच करून बघावी. मधमाशीचं मेण 10 ग्रॅम, कोकम बटर 9, एरंडेल 20, बदाम तेल 10, व्हिटॅमिन ई अर्धा ग्रॅम आणि कॉस्मेटिक ग्रेडचा लाल आयर्न ऑक्साईड अर्धा ग्रॅम. रंग आधी थोड्या एरंडेलात खूप घोटून घ्या, गुठळी राहिली तर ओठावर रेघ उमटते. पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर दुसऱ्या भांड्यात मेण वितळवा. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंशाला वितळतं, त्यामुळे 70-75 अंशापुढे जायची गरज नाही. मग बटर, तेल, रंग. खाली उतरवून व्हिटॅमिन ई, आणि लगेच ओता.

हे फक्त स्वतःसाठी, समजून घेण्यासाठी. विकण्यासाठी नाही, ते का ते पुढे सांगते. आणि घरातला कुठलाही लाल रंग उचलून घालू नका. काही सिंदुरांत शिशाची संयुगं असतात. ओठावर लावलेलं पोटात जातं हे कधीच विसरायचं नाही.

'मॅडम, बीट पावडर घातली तर?' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. बीटचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. तेलात तो नुसता गाळासारखा खाली बसतो. मग कोणीतरी बीटचा रस घालतं. पाणी आलं की बुरशीला दार उघडलं. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवतं, बुरशीपासून वाचवत नाही. गुलाबपाणी, कोरफडीचा गर, बीटचा रस यातलं काही बाममध्ये घालायचं असेल तर तो वेगळा आणि बराच अवघड विषय आहे.

बारा बायका, छत्तीस बाम

बीबीएला आम्हाला चार पानी प्रश्नावली शिकवली होती. एक ते पाच गुण द्या, तुम्ही हे उत्पादन कितपत शिफारस कराल, वगैरे. प्रत्यक्षात काय होतं सांगते. ओळखीच्या बाईच्या हातात तुम्ही काही ठेवलं आणि विचारलं 'आवडलं का?' तर ती 'छान आहे गं' म्हणते. तुमचं मन मोडायचं नसतं. त्या 'छान'वर 84,960 रुपये लावता येत नाहीत.

म्हणून आम्ही विचारण्यापेक्षा मोजायचं ठरवलं.

उत्पादकाकडून प्रत्येक शेडचे 12, असे 36 नग सॅम्पलच्या दराने घेतले. नगाला 70 रुपये, एकूण 2,520. ताई कुरकुरल्या, फुकट सॅम्पल मिळतात ना म्हणाल्या. पण फुकट दोन-तीन मिळतात, आणि तेवढ्यात काही कळत नाही. सोनारांकडे असतो तसा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा साडेसहाशेला आणला. प्रत्येक बाम टोपण काढून मोजला, तळाला नंबर लिहिला, वहीत नोंद केली.

मग बारा जणी निवडल्या. फक्त पार्लरच्या मैत्रिणी घेतल्या असत्या तर सगळ्यांनी मेकअपवालीच्या नजरेने बघितलं असतं. त्यामुळे दोन कॉलेजच्या मुली, दोन शिक्षिका, एक नर्स, भाजीचा गाळा चालवणाऱ्या एक मावशी, बँकेतली एक जण, तीन गृहिणी, पार्लरमधली एक मुलगी आणि एक साठी ओलांडलेल्या काकू. ओठांचा रंग मुद्दाम वेगवेगळा बघितला. काहींचे फिकट, काहींचे गडद, दोघींचे कडेने काळसर. प्रत्येकीला तिन्ही शेड दिल्या, स्वतःच्या, दुसऱ्या कुणी वापरायच्या नाहीत. एकच टेस्टर दहा ओठांवर फिरवणं मला पटत नाही. दुकानात दाखवायचाच असेल तर कानकाडीच्या टोकाने काढून द्या आणि काडी फेकून द्या.

सुरुवात करण्याआधी प्रत्येकीने कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस ठेवला. लाली, खाज आली तर ओठाला लावायचाच नाही. कोपरावर कुणालाच काही झालं नाही. पण पाचव्या दिवशी बँकेतल्या बाईंचा फोन आला की बेरी लावल्यावर ओठ चुरचुरतात. ताबडतोब बंद करायला सांगितलं. दोन दिवसांत थांबलं, नाहीतर डॉक्टरकडे पाठवायचंच ठरवलं होतं. उत्पादकाकडे घटकांची पूर्ण यादी मागितली. बेरीमध्ये पुदिन्याचं तेल होतं, बाकी दोघांत नव्हतं. तेच कारण असं मी छातीठोक सांगणार नाही, पण यादी आधीच का मागितली नाही, असं स्वतःला विचारलं. तुम्ही पहिल्या फोनवरच मागा. द्यायला का-कू करणारा उत्पादक सोडून द्या.

पहिल्या दिवशी फक्त एक प्रश्न विचारला: तिन्हींत सुंदर कुठला? बारापैकी आठ जणींनी रोझ सांगितला. तुमच्यासारखंच!

त्यानंतर 21 दिवस काही विचारायचं नाही. फोन करून 'कसा वाटतोय' पण नाही. ताईंना हे फार जड गेलं. एकविसाव्या दिवशी सगळे बाम गोळा केले आणि मोजले.

बारा जणींचा मिळून वापर असा निघाला: रोझ 4.1 ग्रॅम, बेरी 3.3 ग्रॅम, विटकरी 10.8 ग्रॅम.

ताई दोन मिनिटं वहीकडेच बघत होत्या. कारण मूळ ऑर्डरमध्ये तिन्ही सारखेच होते, आणि वाढवायचा झाला तर रोझ वाढवू, असं त्यांच्या डोक्यात होतं.

आता, वजनाने 'काय' कळलं. 'का' ते विचारावंच लागतं. पण आता प्रश्न बदलला. 'आवडला का' नाही, तर 'रोझ फक्त दोनदा वापरलाय, तिसऱ्यांदा का नाही उचलला?' समोर वजन असलं की बाई मोकळी बोलते, हा माझ्यासाठी या सगळ्यातला मोठा धडा होता.

रोझ कांडीत सुंदर होता, ओठावर नाही. फिकट गुलाबी शेड करायला त्यात पांढरं रंगद्रव्य, टायटॅनियम डायऑक्साईड, घालतात. गोऱ्या, फिकट ओठांवर ते खपून जातं. गडद ओठांवर राखेसारखा पांढुरका थर दिसतो. भाजीवाल्या मावशींनी एका वाक्यात सांगितलं, "पीठ लावल्यावानी दिसतंय." दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली हे कळलंच नव्हतं. तेव्हापासून मी शेड नेहमी दुकानाच्या दारात, उजेडात बघते.

बेरी गडद होता. तो बाम राहत नव्हता, लिपस्टिक होत होता. चहाच्या कपाला लागायचा, ओठांच्या चिरांत जाऊन बसायचा. एका शिक्षिकेने सांगितलं की शाळेत मुलं टक लावून बघतात. नर्सलाही ड्यूटीवर नको होता.

आणि विटकरी? तो जवळजवळ दिसतच नव्हता. म्हणजे ओठ नुसते जरा ताजे, निरोगी दिसायचे. कॉलेजच्या मुलीने जे सांगितलं ते मी जशास तसं लिहून ठेवलंय: "घरी लिपस्टिक म्हटलं की बोलणी बसतात. हा लावला तर आई म्हणाली, ओठ बरे दिसतायत तुझे." साठीच्या काकूंनी तर तिन्हींतला तेवढाच वापरला. या वयात रंग लावला असं कुणी म्हणायला नको, आणि तरी आरशात बरं वाटावं, अशी त्यांची इच्छा होती. ही गरज कुठल्याही प्रश्नावलीत आली नसती. कोण मान्य करणार लिहून?

आणखी एक हिशोब त्याच वहीतून निघाला. एकूण 18.2 ग्रॅम, बारा जणी, 21 दिवस. म्हणजे एकीला दिवसाला साधारण 0.07 ग्रॅम. कांडी 4.5 ग्रॅमची. एकच शेड वापरली तर ती दोन महिने पुरते. म्हणजे तेच गिऱ्हाईक दोन महिन्यांनी परत येईल, दर महिन्याला नाही. ताईंनी कागदावर 'महिना 150 नग' लिहिलं होतं, ते तिथेच खोडलं.

मग ऊन आलं

मार्च संपला. माझा जुना घाव एप्रिलचा असल्यामुळे मी उन्हाशिवाय पुढे जायला तयार नव्हते.

दोन गोष्टी केल्या. एक, ताईंच्या स्कूटीच्या डिकीत दोन बाम आणि एक थर्मामीटर टाकून गाडी दुपारभर उन्हात लावली. डिकीत 50 अंशांच्या वर गेलं. गिऱ्हाईक नेमकं हेच करणार आहे, पर्समध्ये टाकून पर्स डिकीत. दोन, नागपूरला ताईंच्या नणंदेकडे चार बाम साध्या कुरिअरने पाठवले आणि न उघडता तसेच परत मागवले.

डिकीतले बाम बाहेर काढले तेव्हा कांडी एका बाजूला झुकली होती. नागपूरहून आलेल्या चारपैकी तीन बामांना वर तेलाचा घाम होता, आणि एक टोपणाला चिकटून आला. थंड झाल्यावर लावून बघितला तर रवा लागत होता. ओळखीचा रवा!

हा रवा म्हणजे माल खराब झाला असं नव्हे. शियासारखं बटर वितळून सावकाश थंड झालं की त्यातले काही भाग वेगळे गोठतात आणि कण लागतात. पण गिऱ्हाईकाला हे समजावून सांगत बसता येत नाही, ते सरळ 'जुना माल दिला' म्हणतं.

फोटो आणि तारखांसह उत्पादकाला पाठवलं. मी वर्षांपूर्वी फोन केला होता आणि ऐकून घेतलं होतं. ताईंनी कागद पाठवला, त्यामुळे समोरून उत्तर वेगळं आलं. त्यांच्या केमिस्टने मेणाचं प्रमाण वाढवायची तयारी दाखवली. पहिला नवा सॅम्पल आला तो उन्हात ताठ राहिला, पण ओठावर ओढला जायचा, खडूसारखा. असंच असतं. मेण वाढवलं की कांडी टिकते आणि सरकणं जातं. दुसऱ्या सॅम्पलमध्ये मधमाशीचं मेण पूर्वीएवढंच ठेवून थोडं कार्नौबा मेण घातलं, जे 80 अंशांच्या पुढे वितळतं, आणि शिया कमी करून कोकम घातलं. तो डिकीतून सरळ उभा आला. थोडा घाम होता, पुसला की गेला. आम्ही तो पास केला. शंभर टक्के उन्हाला न घाबरणारा मऊ बाम मला अजून तरी भेटलेला नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये विदर्भात पार्सल पाठवायचंच नाही असंही ठरलं.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण गिळा.

सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायला परवाना लागतो. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम. आपल्या राज्यात परवाना अन्न व औषध प्रशासन देतं, म्हणजे एफडीए. स्वयंपाकघरात बनवून व्हॉट्सॲप ग्रुपवर विकणं यात बसत नाही, कितीही शुद्ध साहित्य वापरलं तरी. 'सगळेच करतात' हे उत्तर तपासणीत चालत नाही.

स्वतःचा कारखाना टाकायचा नसेल तर दोन रस्ते आहेत. परवानाधारक उत्पादकाकडून तुमच्या ब्रँडने बनवून घ्या, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात. किंवा त्याच्या जागेवर तुम्ही लोन लायसन्स काढा. सुरुवातीला पहिला रस्ता बरा. पण उत्पादकाच्या परवान्याची प्रत मागा, त्यावर लिप प्रॉडक्टचा प्रकार आहे का ते वाचा. नुसतं 'हो हो, आहे' नको. ताईंच्या बाबतीत प्रत यायला नऊ दिवस लागले. आली, बरोबर होती.

लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि वापराची मुदत, घटकांची यादी, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं यायला हवं. आणि काय लिहायचं नाही? ताईंच्या डिझायनरने 'फाटलेले ओठ बरे करतो' आणि 'एसपीएफ 15' असं टाकलं होतं. बरं करणं हे औषधाचं काम, प्रसाधनाने तो दावा करायचा नाही. एसपीएफ चाचणी केल्याशिवाय लिहिता येत नाही आणि आपल्या बामची ती झालेलीच नव्हती. दोन्ही काढले. डिझायनर म्हणाला, मग लेबल रिकामं दिसेल. दिसू दे की!

आता पैसे

एक शेड, 500 नग धरून हिशोब करू. ताईंची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे भरलेला जीएसटी त्यांचा खर्चच.

नग 48, जीएसटी 8.64, मिळून 56.64. खोका 6. वाहतूक 2.36. डिझाईनचे 6,000 रुपये 500 नगांवर वाटले तर 12. झाले 77 रुपये. इथे बहुतेक जण थांबतात. पण 500 पैकी 500 विकले जात नाहीत. टेस्टर, भेट, खराब माल असे 30 धरा. मग 38,500 रुपये 470 नगांवर पडतात, म्हणजे नगाला 82 रुपये.

एमआरपी 199 ठेवली. माझ्या दुकानात बाम जास्त खपतो तो 150 ते 250 च्या पट्ट्यात, म्हणून. आता ताईंना वाटत होतं की दुसऱ्या पार्लरवालीला 30 टक्के देण्यापेक्षा इन्स्टाग्रामवरून थेट विकलेलं बरं. बघूया. पार्लरला 199 चे 30 टक्के, म्हणजे 59.70 गेले. हातात 139.30, त्यातून 82 वजा, राहिले 57 रुपये. ऑनलाईन एक नग: 199 मधून 82 वजा, 117. कुरिअर 55, डबी-टेप 8. राहिले 54. म्हणजे पार्लरवालीला न दिलेले पैसे कुरिअरवाल्याने नेले, वर पॅकिंगचं काम तुमचंच! एका नगाची ऑनलाईन ऑर्डर घेऊ नका. दोनचा जोड ठेवा किंवा पार्लरच्या फेशियलबरोबर द्या.

आणि सगळा माल पार्लरवालींच्या दराने गेला असं धरलं तरी घातलेले 38,500 वसूल व्हायला 277 नग विकावे लागतात. एक कांडी दोन महिने पुरते हे लक्षात ठेवून हा आकडा वाचा.

तर ताईंनी काय केलं? 10 मार्चची ऑफर गेली. सप्टेंबरमध्ये ऑर्डर दिली तेव्हा दर तोच, 48 रुपये, मिळाला. फक्त विटकरी, 500 नग. 28,320 रुपये, अर्धे आधी आणि अर्धे माल बघून. पाटल्या घरातच राहिल्या, पैसे भिशीचे आले. बेरीचा विषय सोडला. रोझचं मात्र त्यांच्या मनातून जात नाही, पांढरं रंगद्रव्य कमी करून एक सॅम्पल मागवलाय. तो आला की पुन्हा बारा जणी, पुन्हा 21 दिवस.

ट्रायलचा एकूण खर्च सॅम्पल, वजनकाटा, नागपूरचं कुरिअर जाऊन-येऊन धरून साडेतीन हजारांच्या आसपास आला. वजनकाटा माझ्या दुकानात आहे. साताऱ्यातलं कुणी ट्रायल घेणार असेल तर घेऊन जा, पण परत आणा, मागच्या वेळी तो दीड महिना फिरत होता.

माल दिवाळीनंतर आला आणि थंडी पडायला लागली तेव्हा पार्लरमध्ये मांडला. पहिल्या 40 दिवसांत 118 नग गेले. त्यातल्या किती जणी परत येतात हे जानेवारीत कळेल, वही चालू आहे. पुढच्या व्हिडिओत ताईंचं मूळ कोटेशन ओळीओळीने वाचणार आहोत, त्यात 'वाहतूक वेगळी' आणि 'रंगात फरक संभवतो' या दोन ओळी आहेत. तुमच्याकडे एखादं कोटेशन असेल तर नाव-पत्ता झाकून ते समोर घेऊनच बसा.